जळकं ऑइल टाकीत ओतण्याआधी

गॅरेजमधलं जळकं ऑइल बारीक फिल्टरमधून गाळून डिझेलमध्ये मिसळलं तर चालतं का, हा प्रश्न नाशिकच्या ट्रकमालकांकडून वारंवार येतो. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर एक-दोन गाड्या लावणारेही विचारतात आणि पिंपळगाव-लासलगावहून कांदा भरणारेही. डिझेल लिटरला नव्वदीच्या आसपास आहे, पिंप भरून काळं ऑइल शेडमध्ये पडलंय आणि मोबाइलवर कुणी परदेशी माणूस तेच ऑइल गाळून आपला पिकअप पळवताना दिसतो. प्रश्न पडणारच.

आधी एक गोंधळ दूर करू. लोक तीन वेगळ्या वस्तूंना एकाच नावाने ओळखतात. इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल ही एक, हॉटेलच्या कढईतलं वापरलेलं खाद्यतेल ही दुसरी आणि रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून विकलं जाणारं भलतंच काहीतरी ही तिसरी. तिन्हींचे नियम वेगळे आणि धोकेही वेगळे. हा लेख मुख्यतः पहिल्या वस्तूबद्दल आहे. तिचं थोडक्यात उत्तर असं: बीएस-६ गाडीत अजिबात नको. जुनी गाडी त्यावर चालते, पण पैसे वाचत नाहीत आणि कायदाही पाठीशी उभा राहत नाही.

पैसे खरंच किती वाचतात?

तंत्र आणि कायदा नंतर पाहू, आधी पैशांचा हिशोब मांडा. समजा, तुमचा जुना दहा चाकी ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो आणि तुम्ही २०,००० किलोमीटरला ऑइल बदलता. तेवढ्या अंतरात गाडी ५,००० लिटर डिझेल पिते. चेंबरमधून निघणारं ऑइल २० लिटर धरा. तुमच्या इंजिनाला कमी-जास्त लागत असेल, तर तो आकडा घाला.

५,००० लिटरला २० लिटर, म्हणजे ०.४ टक्के. अर्धा टक्कासुद्धा नाही. ९० रुपये भावाने पूर्ण बचत १,८०० रुपयांची, तीही २०,००० किलोमीटरमध्ये. यातून फिल्टर, मोटर, कॅन आणि माणसाचा वेळ वजा करा. तेच ऑइल रीतसर विकलं असतं तर जे पैसे आले असते तेही वजा करा. हातात काय उरतं ते तुम्हीच पाहा. दुसऱ्या बाजूला सहा सिलिंडरच्या कॉमन रेल इंजिनात सहा इंजेक्टर असतात आणि त्यातल्या एकाची किंमत ही सगळी बचत गिळून टाकते.

‘आम्ही २० टक्के मिसळतो, मस्त परवडतं,’ असं सांगणारे भेटतात. त्यांना एवढंच विचारा, ऑइल आणता कुठून? २० टक्के म्हणजे ५,००० लिटरमागे १,००० लिटर, म्हणजे तुमच्यासारख्या पन्नास गाड्यांचं काढलेलं ऑइल. ते बाहेरून विकत घ्यावं लागतं. बाहेरच्या पिंपात इंजिन ऑइलसोबत कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, पार्ट धुतलेलं पेट्रोल आणि थिनर असं सगळं ओतलेलं असतं. स्वतःच्या गाडीतल्या ऑइलबद्दल तुम्हाला निदान माहिती असते. विकतच्या पिंपाबद्दल काहीच नसते. तेव्हा पुरतं आणि खात्रीचंही आहे असं जळकं ऑइल कुणाकडेच नसतं.

गाळल्यावर काय जातं, काय उरतं

फिल्टर १० मायक्रॉनचा असो, ५ चा असो की १ चा, त्यात अडकतात धातूचे कण, खडा-माती आणि मोठा कार्बन. सेंट्रिफ्यूज चांगला असेल, तर पाणीही बरंचसं निघतं. ऑइल स्वच्छ झालं असं वाटतं, पण रंग काळाच राहतो. काजळीचे कण एका मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि ते फिल्टरमधून आरामात निघून जातात.

खरी अडचण विरघळलेल्या गोष्टींची आहे. इंजिन ऑइलमध्ये झीज थांबवण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसचं संयुग घातलेलं असतं, मळ धरून ठेवण्यासाठी कॅल्शियम असतं. चहातली साखर गाळणीने जशी वेगळी होत नाही, तशी ही द्रव्यं कोणत्याही फिल्टरने निघत नाहीत. इंजिनात जळल्यावर त्यांची राख होते आणि ती नोझलवर, व्हॉल्व्हवर, सायलेन्सरमध्ये बसते.

आता गंधक. बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा १० पीपीएम आहे. इंजिन ऑइलमध्ये ०.४ टक्के गंधक धरलं, तर ते ४,००० पीपीएम होतं. पाच टक्के ऑइल मिसळलं की एकट्या ऑइलमुळे मिश्रणात २०० पीपीएम येतं, म्हणजे मर्यादेच्या वीसपट. नुसतं स्वतःच्या गाडीचं ०.४ टक्के ऑइल ओतलं तरी त्यात १६ पीपीएमची भर पडते. थेंबभराने काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

घट्टपणाचंही तसंच. ४० अंश तापमानाला डिझेलची चिकटता २ ते ४.५ सेंटिस्टोक असावी असं भारतीय मानक सांगतं. नव्या १५डब्ल्यू-४० ऑइलची चिकटता त्याच तापमानाला शंभराच्या पुढे असते. घट्ट इंधनाची फवार बारीक पडत नाही. थेंब मोठे पडतात आणि अर्धवट जळतात. थंडीत निफाडचा पारा खाली उतरतो तेव्हा पहाटे अशी गाडी सुरू करणं हा एक वेगळाच कार्यक्रम असतो.

‘नव्या डिझेलला वंगण नाही, म्हणून थोडं ऑइल घालतो,’ ही सबबही ऐकू येते. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं. पण मानकात वंगणपणाचीही अट आहे आणि ती पाळण्यासाठी कंपन्या आवश्यक ते द्रव्य आधीच मिसळतात. तुम्हाला वरून काही घालायची गरज नाही.

तुमची गाडी कोणत्या गटात बसते?

- बीएस-६ (१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या): यात डीपीएफ असतो. तो काजळी पकडतो आणि ठरावीक वेळाने जाळून टाकतो. राख मात्र जळत नाही, ती डीपीएफमध्ये साठत जाते. फॉस्फरस आणि गंधक पुढच्या उत्प्रेरकाला निकामी करतात. मग युरिया भरलेला असूनही दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. या गाड्यांसाठी ऑइलसुद्धा मुद्दाम कमी राखेचं बनवतात, यावरून काय ते समजा.
- बीएस-४, कॉमन रेल: इंजेक्टरमधल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या आणि दाब हजार बारच्या कितीतरी वर. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही. मग आयडलिंग हलू लागतं, धूर वाढतो, अ‍ॅव्हरेज पडतं. वॉरंटी शिल्लक असेल, तर टाकीतल्या इंधनाचा नमुना तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो. विम्याचाही आधार नाही, कारण मोटार विम्याच्या पॅकेज पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेलाच नसतो.
- त्याआधीची, यांत्रिक पंपाची गाडी: इथे खरं सांगायला हवं. गाडी सुरू होते, भरल्या लोडने कसारा घाटही चढते. म्हणूनच या युक्तीवर लोकांचा विश्वास बसतो. नुकसान हळूहळू होतं: नोझलच्या टोकावर कार्बन, रिंगा चिकटणं, कडू पांढुरका किंवा काळा धूर आणि पीयूसीत नापास. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज, बीएस-४ ला ५०. घट्ट इंधनावर ही परीक्षा पास होणं कठीण.

ज्या गावात सातपूरच्या मायकोत, आताच्या बॉशमध्ये, मायक्रॉनच्या हिशोबाने नोझल आणि इंजेक्टर बनतात, त्या गावाला नोझलची नाजूकता बाहेरच्याने समजावून सांगायची गरज पडू नये. शंका असेल तर तिथून निवृत्त झालेला एखादा कामगार गाठा. शहरात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत.

‘अमेरिकेत चालतं, मग इथे का नाही?’

व्हिडिओ खोटे नाहीत. तिथल्या केंद्रीय नियमांत एक सूट आहे. स्वतःच्या गाडीचं जुनं ऑइल डिझेलमध्ये मिसळून स्वतःच्याच गाडीत वापरलं, तर मिसळल्यानंतर वापरलेल्या तेलाचे नियम त्याला लागू होत नाहीत. कमिन्स कंपनीने एके काळी सेंटिनेल नावाची यंत्रणाही काढली होती. ती चालत्या इंजिनातलं थोडं थोडं ऑइल इंधनात सोडून जाळायची आणि तेवढंच नवं ऑइल भरायची. पण ती योजना कंपनीची होती, मात्रा मोजून ठरवलेली होती आणि डीपीएफ येण्याआधीच्या इंजिनांसाठी होती. तिचा दाखला देऊन २०२३ सालच्या गाडीत पिंप रिकामं करणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आपल्याकडचा कायदा

वापरलेलं इंजिन ऑइल हा आपल्याकडे धोकादायक कचरा आहे. धोकादायक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा क्रमांक ५.१ आहे. कामाचे मुद्दे असे:

- असा कचरा साठवणं, देणं-घेणं, त्यावर प्रक्रिया करणं आणि त्याचा इंधन किंवा कच्चा माल म्हणून उपयोग करणं, या सगळ्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. ‘माझंच ऑइल, माझीच गाडी’ अशी सूट या नियमांत नाही.
- हे नियम मोडल्यास पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १ एप्रिल २०२४ पासून दंड १० हजार रुपयांपासून १५ लाखांपर्यंत आहे.
- दुसरी टाकी, हीटर, जादा पंप असं किट बसवलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.
- प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास कलम १९०(२): तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लायसनही तीन महिने अपात्र होतं. इथे चालकही अडकतो. मालकाची युक्ती आणि चालकाचं लायसन, असा हा मामला.
- डिझेलमध्ये भेसळ करून ते विकलं, तर जीवनावश्यक वस्तू कायदा लागतो. त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

मग पिंपातल्या ऑइलचं काय करायचं?

रीतसर विका. वापरलेल्या ऑइलपासून पुन्हा बेस ऑइल बनवता येतं आणि तो त्याचा सगळ्यात चांगला उपयोग आहे. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक वाटा पुनर्चक्रित करून घेण्याची जबाबदारी आली आहे. सुरुवात ५ टक्क्यांपासून आहे आणि ती टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांवर जाणार आहे. त्यामुळे स्वच्छ, न मिसळलेल्या ऑइलला मागणी राहील.

स्वतःचं वर्कशॉप असेल तर असं करा:

१. इंजिन ऑइलसाठी वेगळं पिंप ठेवा. कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल, थिनर त्यात कधीही ओतू नका. पिंपाची किंमत यावरच ठरते.
२. पिंप शेडखाली, खाली ट्रे ठेवून, झाकण लावून ठेवा. त्यावर नमुना ८ चं लेबल लावा.
३. काढलेलं ऑइल नमुना ३ मध्ये लिहीत जा. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नका.
४. घेणाऱ्याकडे मंडळाचं परवानगीपत्र मागा. त्यात ५.१ हा क्रमांक, क्षमता आणि मुदत पाहा. ‘आमच्या शेठकडे आहे’ हे उत्तर चालत नाही. शंका वाटली, तर मंडळाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयात, उद्योग भवनात, चौकशी करा.
५. गाडी निघताना नमुना १० चं मॅनिफेस्ट भरा आणि आपली प्रत फाइलला लावा. वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत द्यायचं असतं.

बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलत असाल, तर हे कागद गॅरेजवाल्याचे. पण जुनं ऑइल कुठे जातं हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. नव्या ऑइलचा रिकामा कॅन मात्र समोर कापून घ्या. तेच कॅन गोळा करून त्यात आम्ल आणि मातीने उजळवलेलं जुनं ऑइल भरून विकणारे आहेत. ते पुन्हा तुमच्याच इंजिनात येतं.

सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला, वाळवीसाठी लाकडाला फासायला, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडायला लोक हे ऑइल मागून नेतात. देऊ नका. शिंपडलेलं ऑइल जमिनीत मुरतं आणि विहिरीपर्यंत जातं. तुम्ही स्वतः हाताळतानाही हातमोजे घाला. हात पेट्रोलने धुण्याची सवय तर आजच सोडा.

खाद्यतेल आणि रस्त्यावरचं ‘बायोडिझेल’

वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल बनतं हे खरं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांहून अधिक ध्रुवीय घटक असलेलं तेल पुन्हा खाण्यात वापरायला मनाई केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं तेल गोळा करून बायोडिझेलसाठी देण्याची ‘रुको’ योजनाही आली. पण कढईतलं तेल थेट टाकीत ओतणं वेगळं आणि कारखान्यात त्यावर प्रक्रिया करून मानकात बसणारं बायोडिझेल बनवणं वेगळं. पहिलं करू नका.

महामार्गावर पत्र्याच्या शेडमध्ये, टँकरला पाइप लावून, डिझेलपेक्षा दहा-वीस रुपये स्वस्तात जे मिळतं, ते बहुतेक वेळा बायोडिझेल नसतंच. स्वस्त औद्योगिक तेलाला दिलेलं ते नाव असतं. नाशिक जिल्ह्याला इंधनाच्या भेसळीची किंमत चांगली माहीत आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला रॉकेलच्या भेसळीचा धंदा पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. स्वस्त लिटरमागे कोण उभं असतं, ते तेव्हा महाराष्ट्राने पाहिलं.

पंपावर तुमचे हक्क:

- ५ लिटरच्या शिक्का मारलेल्या मापाने मोजून मागा. २५ मिलीलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही.
- घनता तपासायला सांगा. सकाळच्या नोंदीत आणि तुमच्यासमोर केलेल्या मोजणीत ३ किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर लेखी तक्रार करा.
- पावती घ्याच. ती नसेल, तर पुढची कोणतीही लढाई लढता येत नाही.
- तक्रार तेल कंपनीकडे, जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. एकच गाडी स्वतः चालवून पोट भरणारा मालक ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ‘ग्राहक’ ठरतो. मोठ्या ताफ्याच्या मालकाला व्यापारी हेतूचं कारण सांगून आयोग बाहेर ठेवू शकतो. तो फरक लक्षात ठेवून मार्ग निवडा.

चालकाला रोख पैसे देऊन ‘कुठेही भर’ म्हणू नका. फ्लीट कार्ड द्या आणि पंप ठरवून द्या.

डिझेलचा खर्च कमी करायचाच असेल

इथे नवं काही सांगण्यासारखं नाही, पण ०.४ टक्क्यापेक्षा जास्त हमखास मिळेल. टायरची हवा थंड असताना आठवड्याला तपासा. एअर फिल्टर वेळेवर बदला. मार्केट यार्डात रांगेत उभं असताना इंजिन बंद ठेवा. जुन्या गाडीचे पंप-नोझल कॅलिब्रेट करून घ्या. वेग ६० च्या आसपास राखणाऱ्या चालकाला अ‍ॅव्हरेजवर बक्षीस द्या. ते पैसे वसूल होतात.

आधीच ओतलं असेल तर

घाबरून गाडी गॅरेजपर्यंत पळवू नका. शक्य असेल तर आहे तिथेच काम करा:

१. इंजिन बंद करा. बीएस-६ गाडीत दिवा लागला असेल, तर सक्तीचं रिजनरेशन (डीपीएफमधली काजळी जाळणं) मुळीच करू नका.
२. टाकी पूर्ण रिकामी करा, तळाचा गाळ काढा आणि टाकी स्वच्छ डिझेलने धुवा.
३. दोन्ही डिझेल फिल्टर बदला आणि वॉटर सेपरेटर रिकामा करा. जुना फिल्टर कापून पाहा. आत काळा चिकट थर असेल, तर इंजेक्टर काढून तपासायला द्या.
४. चांगलं डिझेल भरून गाडी रिकामी चालवा, मग धुराची चाचणी घ्या.
५. वॉरंटीतली गाडी असेल, तर सर्व्हिस सेंटरला खरं सांगा. नमुना तपासल्यावर ते कळतंच आणि तोवर दुरुस्तीचा खर्च वाढलेला असतो.

टाकीतून काढलेलं मिश्रण नाल्यात किंवा गोदावरीच्या पात्राकडे जाणाऱ्या गटारात जाऊ देऊ नका. ते चांगल्या ऑइलच्या पिंपातही ओतू नका, कारण डिझेल मिसळलेल्या ऑइलमुळे अख्ख्या पिंपाचा दर पडतो. वेगळ्या कॅनमध्ये भरा, वर ‘डिझेल मिश्रित’ असं लिहा आणि परवानाधारकाची गाडी येईल तेव्हा त्याला वेगळं दाखवून, वेगळ्या नोंदीने द्या.